बियाण्यामागून येणारा नांगर

जगभरच्या अनेक लूथरन मंडळ्या रविवारचे शास्त्रपाठ तीन वर्षांच्या एका चक्रातून घेतात. त्या चक्राच्या पहिल्या वर्षी, १० ते १६ जुलैच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी, मत्तयाच्या शुभवर्तमानातला पेरणाऱ्याचा दाखला वाचला जातो. २०२३ साली हा रविवार १६ जुलैला आला होता. २०२६ साली तो १२ जुलैला येतो. गोंदिया जिल्ह्यात हे दिवस धानाचे असतात. आमगाव-सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत बांध्या पाण्यानं भरलेल्या असतात, चिखलणी चाललेली असते, पऱ्हे उपटून त्यांच्या जुड्या बांधल्या जातात आणि बायांची रांग रोवणीला वाकलेली असते. पाठांचं हे चक्र ठरवणारी माणसं दुसऱ्या खंडात बसली होती. तरी पंचांग असं जुळून आलं आहे, की झाडीपट्टीत हा दाखला ऐकणाऱ्याच्या नखांत त्याच आठवड्याचा चिखल असतो.

या एका रविवारच्या उपासनेचं रसग्रहण इथे करायचं आहे. उपासना ही सहसा रसग्रहणाची वस्तू मानली जात नाही; ती करायची गोष्ट, वाचायची नव्हे, असं आपण धरून चालतो. पण लूथरन उपासनाक्रमाला एक रचना आहे. त्यात आरंभ आहे, चढ आहे, वळण आहे, आणि एका पाठाचा दुसऱ्याशी चाललेला संवाद आहे. एखादी चांगली दीर्घकविता जितक्या बारकाईनं वाचावी तितक्या बारकाईनं हा क्रम वाचला, तर तो भरभरून देतो.

आधी भूगोल पाहू. गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला ख्रिस्ती धर्म आला तो मुख्यतः स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर. लूथरन परंपरा आली ती सातपुड्याच्या बाजूनं. १८७७ साली स्वीडनहून आलेल्या लूथरन मिशनऱ्यांनी तेव्हाच्या मध्य प्रांतात काम सुरू केलं. गोंड लोकांपर्यंत जाण्याची त्यांची इच्छा होती. त्या कामातून उभ्या राहिलेल्या मध्य प्रदेशातल्या इव्हँजेलिकल लूथरन चर्चचं केंद्र छिंदवाड्याला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी टाकलेल्या सातपुडा रेल्वेच्या अरुंद रुळांनी गोंदिया, नैनपूर आणि छिंदवाडा एका धाग्यात ओवले होते. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन उत्तर भारताचं चर्च स्थापन झालं, तेव्हा लूथरन मंडळ्या त्यात सामील झाल्या नाहीत. त्यांनी आपली कबुली आणि आपला उपासनाक्रम जपला. तो क्रम असा जपण्याजोगा का वाटावा, हे त्याच्या आत शिरल्यावर कळतं.

१५४४ साली जर्मनीतल्या टोरगावच्या राजवाड्यातलं नवं प्रार्थनालय देवाच्या सेवेला वाहताना मार्टिन लूथरनं उपदेश केला. त्यात त्यानं उपासनेची अगदी साधी व्याख्या दिली. या घरात दुसरं काही होऊ नये. प्रभूनं आपल्या वचनातून आपल्याशी बोलावं आणि आपण प्रार्थनेनं व स्तुतीनं त्याला उत्तर द्यावं, एवढंच व्हावं, असा तिचा आशय. ही व्याख्या हातात धरून उपासनाक्रम वाचायला घेतला, की त्यातली प्रत्येक ओळ कोण कोणाशी बोलतं आहे ते सांगू लागते. पाळक मंडळीकडे तोंड करून उभे असतात तेव्हा बहुधा देवाच्या बाजूनं बोलत असतात. वेदीकडे वळतात तेव्हा मंडळीपैकीच एक होऊन देवाशी बोलतात. साऱ्या क्रमाला या येरझारीची लय आहे, आणि या येरझारीत पहिला शब्द नेहमी देवाचा असतो.

आरंभ पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं होतो, आणि लगेच पापांगीकार येतो. माणूस आठवडाभराचं सगळं घेऊन आलेला असतो आणि ते तो सगळ्यांच्या देखत, सगळ्यांबरोबर, एका आवाजात कबूल करतो. त्यावर पाळक क्षमा जाहीर करतात. ‘सुधारलास तर क्षमा मिळेल’ अशी अट त्या घोषणेत नसते. क्षमा झाली, असं ती सांगते. रचनेच्या दृष्टीनं ही फार धाडसाची गोष्ट आहे. कुठल्याही कथेत सुटका शेवटी येते. इथे ती पहिल्या काही मिनिटांतच देऊन टाकली आहे. पुढचे सगळे पाठ, उपदेश, प्रार्थना यांना सामोरा जाणारा माणूस आधीच क्षमा मिळालेला माणूस आहे. पेरणाऱ्याचा दाखला ऐकताना हे लक्षात ठेवावं लागतं, कारण तो दाखला भीती घालण्यासाठी सहज वापरता येतो.

त्यानंतर दयेची विनवणी, स्तुतिगीत, दिवसाची छोटी प्रार्थना, आणि मग मंडळी पाठ ऐकायला बसते. त्या रविवारचा पहिला पाठ यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायातला आहे. आकाशातून पाऊस आणि बर्फ उतरतात आणि पृथ्वी भिजवल्यावाचून परत जात नाहीत. ते तिला फळवतात, पेरणाऱ्याला बी देतात आणि खाणाऱ्याला भाकर. देवाच्या तोंडचा शब्दही तसाच, रिकाम्या हातानं परत न जाणारा. गोंदियात बर्फ कोणी पाहिलेलं नाही, पण पावसाची वाट पाहणं काय असतं हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मृग कोरडा गेला तर पऱ्हे डोळ्यांदेखत पिवळे पडतात. पाऊस एकदा जमिनीत शिरला की तो कोणाला परत बोलावता येत नाही. संदेष्ट्यानं वचनाची ताकद सांगायला निवडलेली गोष्ट ही अशी, माणसाच्या हाताबाहेरची आहे. यशयाला उत्तर म्हणून पासष्टावं स्तोत्र येतं, आणि त्यात देव स्वतः शेतकरी होतो: तो सऱ्या पाण्यानं भरतो, ढेकळं विरघळवतो, सरींनी माती मऊ करतो. हे काम चिखलणीच्या किती जवळचं आहे! माती स्वतःला मऊ करत नाही. कोणीतरी ती करतं. पुढे उपदेशात लागणारा मुद्दा इथे स्तोत्राच्या चालीवर कानात पडून जातो.

रोमकरांस पत्रातला पाठ झाला की मंडळी उभी राहते. शुभवर्तमान उभं राहून ऐकायचं असतं.

मत्तय दृश्य मोजक्या रेषांत उभं करतो. येशू घरातून निघून सरोवराकाठी बसतो. गर्दी इतकी होते, की तो होडीत चढून बसतो आणि लोक काठावर उभे राहतात. मध्ये पाण्याची पट्टी, पलीकडून येणारा आवाज. कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधलेल्या या मुलखात, नवेगाव बांधाच्या काठावर उभं राहिलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटू नये. पाण्यावरून आवाज लांब जातो, हे तलावाकाठच्या कुठल्याही गावाला ठाऊक असतं.

मग दाखला सुरू होतो, आणि त्याची चाल किती नेमकी आहे ते पाहावं. पेरणारा पेरायला निघतो. त्याचं नाव नाही, गाव नाही, शेत कोणाचं ते नाही. बी चार ठिकाणी पडतं. वाटेवरचं पाखरं टिपतात. खडकाळ जागेतलं लगेच उगवतं, पण ऊन चढल्यावर करपतं, कारण मूळ नाही. काटेरी झुडपांतलं वाढतं, पण झुडपंही वाढतात आणि त्याची घुसमट करतात. चांगल्या मातीतलं पीक देतं. वरवर ही चार जमिनींची यादी आहे. पण बारकाईनं पाहिलं तर प्रत्येक बी आधीच्या बियाण्यापेक्षा एक पाऊल पुढे गेलेलं दिसतं. पहिलं मातीत शिरतच नाही. दुसरं उगवतं, पण रुजत नाही. तिसरं रुजतं, वाढतं, पण दाणा धरत नाही. चौथं दाणा धरतं. चार जमिनींच्या आडून दाखल्यानं एकाच रोपाचा बियाण्यापासून लोंबीपर्यंतचा सगळा प्रवास सांगून टाकला आहे, आणि प्रत्येक टप्प्यावरचा धोकाही. अपयश तीनदा सांगूनही दाखल्याची दिशा सतत वरची राहते ती यामुळे.

शेवटचे आकडे तीन शुभवर्तमानांत तीन तऱ्हांनी येतात. मार्क तीस, साठ, शंभर असे चढत जातो. लूक फक्त शंभर सांगतो. मत्तय शंभर, साठ, तीस असा उतरत येतो. मला मत्तयाचा उतरता क्रम फार मायेचा वाटतो. मार्कच्या चढत्या क्रमात तीस हा आकडा पहिली पायरी होऊन राहतो आणि शंभर हे शिखर. मत्तय शिखर आधी सांगून टाकतो आणि मग तिसाशी येऊन थांबतो. ज्याच्या शेतात तीसपटच झालं, तो त्याच्या वाचनात शेवटचा, लक्षात राहणारा माणूस ठरतो, आणि त्याचीही माती चांगलीच म्हटली जाते. धानाच्या मुलखात हे आकडे हिशेबानं ऐकता येतात. रोवणीसाठी हेक्टरी साधारण ४० किलो बियाणं लागतं. ४० क्विंटल धान झालं तर शंभरपट. म्हणजे ज्या आकड्याला गव्हा-जवाच्या देशात ऐकणारा चमकला असेल, तो इथे चांगल्या वर्षाचं पीक होऊन येतो. चमत्कार वाटणारी गोष्ट शेतात दरवर्षी घडू शकते, हे या मातीनं दाखल्यावर केलेलं भाष्य आहे.

आता दाखल्यातली सगळ्यात अडचणीची जागा. शहाणा शेतकरी वाटेवर बी टाकेल कशाला? बियाण्याचा दाणा न्‌ दाणा जपणाऱ्याला हा पेरणारा उधळ्या वाटेल. जोआकिम येरेमियास या जर्मन लूथरन अभ्यासकानं याचं एक उत्तर दिलं. पॅलेस्टाइनमध्ये आधी बी फेकत आणि मग नांगर फिरवत, असं त्याचं म्हणणं. कापणीनंतरच्या रानातून लोकांनी पाडलेली पायवाट, इकडचीतिकडची झुडपं, हे सगळं नंतर नांगराखाली जाणारच असतं. म्हणून पेरणारा बिनधास्त फेकत जातो. या मुद्द्यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत. पण गोंदियाच्या शेतकऱ्याला तो चटकन पटावा, कारण इथे आवत्या पद्धतीनं मूठ भरून बी फेकणं अजून माहीत आहे, आणि दरेकशाचा घाट ओलांडून छत्तीसगडात गेलं की बियासी पाहायला मिळते. बियासीत फेकून पेरलेलं धान महिनाभर वाढू देतात आणि मग साचलेल्या पाण्यात, उभ्या रोपांतून नांगर घालतात. नवख्याला वाटेल, पिकाचा नाश चालला आहे. काही रोपं उखडतातही. पण तण मोडतं, दाटी कमी होते, मुळांशी माती सैल होते आणि राहिलेली रोपं जोमानं फुटवे धरतात.

बियाण्यामागून नांगर येतो, ही गोष्ट मनात धरली की दाखल्याचा सगळा अर्थ हलतो. मत्तयात दाखल्यामागोमाग त्याचा उलगडा येतो: वाट म्हणजे न समजणारा, खडक म्हणजे छळ आल्यावर अडखळणारा, काटे म्हणजे संसाराची चिंता आणि पैशाचा मोह. हे ऐकून प्रत्येकजण स्वतःकडे वळतो: मी यांतला कोण? बरेच उपदेश इथेच थांबतात आणि चांगली माती व्हा असा आदेश देऊन ऐकणाऱ्याला घरी पाठवतात. पण खडकाला माती हो म्हणून सांगून तो माती होत नाही. लूथरन उपदेश आपली खरी कसोटी इथे देतो. नियमशास्त्र आणि शुभवर्तमान या दोहोंतला फरक त्याला मंडळीपुढे उलगडायचा असतो. नियमशास्त्र माणसाला त्याची खरी स्थिती दाखवतं: हो, तू वाट आहेस, खडक आहेस, काटेरी रान आहेस, आणि एकाच दिवसात तिन्ही असू शकतोस. शुभवर्तमान पेरणाऱ्याकडे बोट दाखवतं: तो वाटेवरही फेकतो, खडकावरही फेकतो, पुन्हा फेकतो. १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरावलीत विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या भागाचा खुलासा करताना लूथर हेच सांगतो, की मी स्वतःच्या बुद्धीनं किंवा बळानं ख्रिस्ताकडे येऊ शकत नाही. पवित्र आत्मा शुभवर्तमानातून मला बोलावतो. मातीनं करायचं असतं ते एवढंच, की पडलेलं बी घ्यायचं, आणि घेण्याची ताकदही तिला वरच्या पावसातूनच मिळते. स्तोत्रात ती सरींनी मऊ झालेली आपण ऐकलेलीच आहे.

मग नांगराचं काय? १५३९ साली आपल्या जर्मन लेखनाच्या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत लूथरनं धर्मशास्त्र शिकण्याचे तीन नियम एकशे एकोणिसाव्या स्तोत्रातून काढून दाखवले: प्रार्थना, मनन आणि परीक्षा. मननानंतर परीक्षा येते, हा क्रम महत्त्वाचा. वचन मनात पडलं की संकट, शंका, छळ त्यामागोमाग येतातच, आणि वचन खरं आहे, गोड आहे, बळ देणारं आहे हे त्या संकटातच अनुभवाला येतं, असं तो स्वतःच्या आयुष्यातून सांगतो. बियासीचा नांगर तो हाच. रविवारी ऐकलेल्या वचनातून सोमवारी नांगर फिरतो: घरातलं आजारपण, सोसायटीच्या कर्जाची तारीख, रोवणीला न मिळणारे मजूर, भावाशी धुऱ्यावरून झालेलं भांडण. दाखल्यातले उन्हाचे आणि काट्यांचे धोके हेच आहेत. पण ज्या परीक्षेनं खडकावरचं रोप करपतं, तीच परीक्षा खोल मातीतल्या रोपाची मुळं मोकळी करते. आठवड्यातून एकदाच होणारी उपासना आणि उरलेले सहा दिवस यांचं नातं मला या जागी सगळ्यात स्पष्ट दिसतं. रविवार हा पेरणीचा, आणि मधले दिवस नांगराचे.

वाटेवर पडलेल्या बियाण्याबद्दल या जिल्ह्याजवळ स्वतःची एक साक्ष आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारा लोहमार्ग तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, डोंगरगड असा जातो. १८९३ च्या सुमारास या मार्गावरच्या गाडीत कवी नारायण वामन टिळकांना एका युरोपीय सहप्रवाशानं बायबल दिलं. टिळकांचा धर्मांतराचा मुळीच विचार नव्हता; शब्द दिला म्हणून ते वाचू लागले आणि गिरिप्रवचनापाशी येऊन गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. बियाण्यामागून आलेला नांगर त्या घरावरून किती खोल गेला, हे त्या पुस्तकाइतकं प्रामाणिकपणे कोणी लिहिलेलं नाही. टिळक लूथरन नव्हते, पण त्यांची गीतं आज मराठी ख्रिस्ती मंडळ्या पंथ न पाहता ‘उपासना संगीत’ हा गीतसंग्रह उघडून गातात. रेल्वेच्या डब्याइतकी वर्दळीची, तुडवली जाणारी वाट दुसरी कुठली असणार? तिथे पडलेलं बी पाखरांनी टिपलं नाही. दाखल्यातल्या पेरणाऱ्याला वाटही वर्ज्य नव्हती, याचं याहून मोठं प्रमाण शोधायला दूर जावं लागत नाही.

लूथरन परंपरेत या दाखल्याला गाण्याचीही सोबत आहे. जुन्या एकवर्षीय पाठक्रमात तो लूकच्या शुभवर्तमानातून, ईस्टरआधी सुमारे दोन महिने येणाऱ्या रविवारी वाचतात. त्याच रविवारसाठी योहान सेबास्टियन बाखनं १७१३ च्या सुमारास वायमारला एक कँटाटा रचला. त्याचा आधार यशयातला पावसा-बर्फाचा हाच पाठ. त्यात व्हायोलिन नाहीत. चार व्हायोला आहेत, त्यामुळे स्वर मातकट, खालच्या पट्टीतले लागतात. मधल्या भागात गायक बी वाया जाण्याचे धोके एकेक करून सांगतो, आणि प्रत्येक धोक्यानंतर मंडळीची विनवणी लूथरच्या लितानीतून, म्हणजे विनवण्यांच्या प्रार्थनेतून, उत्तरादाखल उठते. टोरगावची व्याख्या इथे संगीत झाली आहे: वचन बोललं जातं, माणसं उत्तर देतात. आणि उत्तर काय, तर आम्ही चांगली माती होऊ असं आश्वासन नव्हे. प्रभो, आमचं ऐक, अशी हाक.

उपदेशानंतर उपासना ओसरत नाही, उलट तिचा दुसरा उंचवटा सुरू होतो. विश्वासांगीकार, मध्यस्थीच्या प्रार्थना, अर्पण, आणि मग प्रभुभोजन. या रविवारी क्रमाची रचना स्वतःच अर्थ सांगते. यशयानं पेरणाऱ्याला बी आणि खाणाऱ्याला भाकर म्हटलं होतं. पाठांत आपल्याला बी मिळालं. आता वेदीवर भाकर आहे. शेतात या दोहोंमध्ये चार-पाच महिन्यांचं अंतर असतं: रोवणी, निंदण, कापणी, मळणी, मिल. उपासना ते अंतर एका तासात ओलांडते आणि पेरलेल्या शब्दाचं पीक हातावर ठेवते. भाकर आणि द्राक्षरस यांत, यांसह आणि यांखाली ख्रिस्त स्वतः दिला जातो, असा लूथरन विश्वास आहे. म्हणून इथे पुन्हा माणूस घेणाराच आहे. खडक असो, काटे असोत, रांगेत उभं राहून तो हात पुढे करतो.

शेवटी अहरोनी आशीर्वाद, आणि मंडळी आपापल्या कामाला निघते. लूथरनं शेतकऱ्याचं, सुताराचं, आईचं रोजचं काम हेही देवानं दिलेलं पाचारण मानलं. देवाला आपल्या चांगल्या कृत्यांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे, हा त्याच्या शिकवणीचा गाभा. रोवणीच्या दिवसांत शेजाऱ्याच्या बांधीत हात लावायला जाणारा माणूस उपासनेबाहेर पडलेला नसतो.

पाठचक्रही तिथे थांबत नाही. पुढच्याच रविवारी मत्तयाच्या त्याच अध्यायातला गव्हात वाढलेल्या तणाचा दाखला येतो. चांगल्या मातीतही तण निघतं, आणि नोकर ते उपटायला निघाले तर मालक त्यांना कापणीपर्यंत थांबायला सांगतो. धानासारखंच दिसणारं आणि लोंबी येईपर्यंत ओळखू न येणारं तण इथल्या शेतकऱ्याला चांगलं माहीत आहे. मालकाच्या सबुरीचं कारण त्याला समजेल, आणि ती सबुरी किती अवघड आहे तेही. पेरणाऱ्याच्या दाखल्यात आपण चांगली माती आहोत असं ज्याला वाटू लागलं असेल, त्याला आठवड्याभरात हा पुढचा पाठ भेटतो. ज्याला आपण खडक आहोत असं वाटून धीर सुटला असेल, त्याच्यासाठीही मालक थांबलेला असतो. एका रविवारचं वचन दुसऱ्या रविवारच्या वचनावाचून पुरं होत नाही. म्हणूनच ही उपासना आठवड्याची आहे, आणि म्हणूनच मंडळीनं दर आठवड्याला पुन्हा जमायचं असतं.